होस्टेलच्या मैलापाण्यावर नजर: काळजी की पाळत?

रानवारा:
ऑगस्ट २०२० मधली गोष्ट. अमेरिकेत टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात लिकिन्स हॉल नावाचं होस्टेल आहे. मुलं राहायला आली तेव्हा सगळ्यांची टेस्ट झाली होती. तरी थोड्याच दिवसांत तिथल्या मैलापाण्यात कोरोनाचा अंश सापडला. मग तिथे राहणाऱ्या-काम करणाऱ्या ३११ जणांना तपासलं तर दोघं पॉझिटिव्ह निघाली. दोघांनाही ना ताप, ना खोकला. त्यांना लगेच वेगळं ठेवलं. माझं म्हणणं सरळ आहे: जिथे शेकडो मुलं एका मेसमध्ये जेवतात, तिथे ही सोय कायमची हवी. फ्लू, उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस, सगळ्यासाठी.

खडूस_काका:
दोघांसाठी ३०९ जणांच्या नाकात काड्या! आणि संडासात काय सोडलं ते तपासायची परवानगी त्या मुलांनी कधी दिली? आज विषाणू शोधताय, उद्या त्याच नमुन्याच्या बाटलीत गांजा शोधाल. बाटली तीच, पाणी तेच. फक्त मागणारा बदलतो.

परीक्षानळी:
काका, बाटलीत कुणाचं नाव नसतं. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नळी सोडलेला पंप असतो, तो दिवसभर थोडं थोडं पाणी ओढून एकत्र करतो. त्यातला विषाणू गोळा करून पीसीआर, म्हणजे विषाणूचा बारीकसा अंशही पकडणारी लॅबची टेस्ट. आता पाणी संडासाचं किती आणि आंघोळीचं किती, हे कसं कळणार? त्यासाठी बऱ्याच लॅब मिरचीच्या झाडावर पडणारा एक विषाणू मोजतात. जेवणातून तो पोटात जातो, आपल्याला काही करत नाही, आणि तसाच बाहेर पडतो. तो भरपूर म्हणजे मैला भरपूर. ठेच्यावर वाढलेल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

अंतूशेट:
पद्धत पटली, पण होस्टेलपुरती ती लंगडी आहे. बरा झालेला माणूसही पुढे कित्येक दिवस, कधी कधी आठवडे, विषाणूचे तुकडे टाकत राहतो. म्हणजे पहिली लाट ओसरली तरी घंटा वाजतच राहणार. उलट काही बाधितांच्या मैल्यात तो सापडतच नाही. आणि सकाळी लायब्ररीच्या संडासात जाणाऱ्या पोराचं काय? पाणी स्वच्छ आलं म्हणून होस्टेल स्वच्छ, असं धरणारा रेक्टर मला जास्त धोकादायक वाटतो.

रानवारा:
म्हणूनच पाण्यावर थांबायचं नाही, पुढे टेस्ट करायची. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने इमारतवार यंत्रं बसवली. सिग्नल आला की त्या इमारतीतल्यांना निरोप: टेस्ट करून घ्या. निरोपानंतर टेस्ट करणारे कितीतरी पटीने वाढले. कॅम्पसवरचे जवळपास ८५ टक्के रुग्ण लवकर हाती लागले, असं त्यांनी प्रसिद्ध केलंय.

खडूस_काका:
ज्यांनी यंत्रं बसवली त्यांनीच गुण दिले. छान.

ओहायोकर:
मी इथे अमेरिकेत पीएचडी करतेय, म्हणून काकांची भीती मला हसण्यावारी नेता येत नाही. घराबाहेर ठेवलेला कचरा पोलिस वॉरंटशिवाय उचकू शकतात, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच दिलाय. गटाराचं पाणी कचऱ्याहून वेगळं, असं कुणी वकील ठामपणे सांगेल का? 'नाव नसतं' हे लाखभर लोकांच्या शहरात खरं. बारा मुलांच्या विंगमध्ये तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं.

अंतूशेट:
नेमकं. मुंबईत पोलिओसाठी सांडपाणी २००१ पासून तपासलं जातंय, त्यावर कुणाचा आक्षेप नाही. २०२२ मध्ये लंडनच्या बेक्टन सांडपाणी केंद्रात पोलिओचा विषाणू सापडला. तिथे सुमारे चाळीस लाख लोकांचं पाणी येतं. कुणाच्या घरचा हे शोधत बसले नाहीत, १ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा डोस देऊ केला. शहराचं तपासा, माझा पाठिंबा. इमारतीचं नको.

रानवारा:
अहो, शहराचा आकडा बघून माझ्या होस्टेलचा रेक्टर काय करणार? लिकिन्समधली ती दोघं शहराच्या नाल्यात सापडलीच नसती.

पाईपवाला:
मी ड्रेनेजची कामं घेतो. तुमचं अमेरिकेचं चालू द्या, आपल्याकडचं सांगतो. एका कॉलेजात मुलांचं होस्टेल, मुलींचं होस्टेल आणि मेस, तिन्हींच्या लाइनी एकाच चेंबरला. नकाशा मागितला तर 'जुन्या साहेबांकडे होता'. झाकण उघडलं तर वर मेसच्या तेलाचा बोटभर थर. असल्या पाण्यात पीसीआर बिघडते ना?

परीक्षानळी:
हो, तेल-चरबी त्रास देते. आणि अशा चेंबरवरून 'कुठलं होस्टेल' हे सांगणं अशक्य.

पाईपवाला:
बरं, दुसरं. नळी सोडायला, तुंबली की काढायला कोण? मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्यावर २०१३ चा कायदा आहे, तरी 'जरा बघ रे खाली' म्हणणारे मी रोज बघतो. पंप, दोरी, बाटली सगळं वरून हाताळता येत असेल तरच बोला. मुलांच्या खाजगीपणावर एवढे प्रतिसाद आले, झाकण उघडणाऱ्यावर एकही नाही.

रानवारा:
हे खरंच सुटलं होतं. पंप वरच असतो, नळी झाकणाशीच सोडायची, उतरायची गरज नाही. पण तुंबली तर काय, ते टेंडरमध्ये लिहून घ्यायला हवं.

खडूस_काका:
त्याच टेंडरमध्ये हेही लिहा: बाटली किती दिवसांनी ओतून द्यायची, आणि पोलिसांनी मागितली तर द्यायची की नाही. लिहून आणा, मग माझा विरोध मागे घेतो. अर्धा.