इंदूर: बोअरिंगचं जड पाणी, गीझर खदखदतो आणि आरसीसीबी पडते. सॉफ्टनर बसवावा का?

राजेंद्रनगर_तिसरा_मजला
नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात. ते पाणी आणि बोअरिंगचं, दोन्ही खालच्या एकाच हौदात पडतं आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत चढतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) कधी ३५० दाखवतो, कधी ७८०. २५ लिटरचा गीझर सुरू केला की आतून खदखद, टकटक असा आवाज येतो, आणि चार दिवसांपासून चालू केल्यावर दहाएक मिनिटांत आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडते. फ्रंट लोड मशीनमध्ये टॉवेल पापडासारखे कडक निघतात. बिल्डिंगमध्ये कुणी म्हणतं सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) घ्या, कुणी म्हणतं पाइपला चुंबकाचा पट्टा बांधा, स्वस्तात काम होईल. आधी काय करावं?

क्षारवाला
आधी गीझरची एमसीबी (बोर्डावरचा त्याचा वीज तोडणारा खटका) बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो चालू करू नका. आरसीसीबी पडते म्हणजे बहुतेक एलिमेंटच्या (पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या) नळीला तडा जाऊन करंट पाण्यात उतरतोय. आरसीसीबी काढून "डायरेक्ट" जोडून देणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

असं होतं ते का, तर माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळवून आणतं. तापलं की बायकार्बोनेट मोडतो आणि कॅल्शियम कार्बोनेटची खपली सगळ्यात गरम जागी, म्हणजे एलिमेंटवर धरते. खपली उष्णता अडवते, आतली नळी लाल होईपर्यंत तापते आणि फुटते. तो खदखदाट खपलीखाली अडकलेलं पाणी उकळून बाहेर फुटण्याचा.

दुसरं, टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. मीटर मीठही मोजतो आणि चुनाही. जडपणासाठी थेंबांची टेस्ट किट घ्या. पाण्याचा रंग वाइनसारख्या लालचा निळा होईपर्यंत थेंब मोजायचे आणि किटवर लिहिलेल्या आकड्याने गुणायचे. नळाचं आणि बोअरिंगचं पाणी हौदात पडण्याआधीच वेगवेगळं घ्या, मिसळलेलं मोजून काही कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पण तो पिण्याचा हिशेब झाला. गीझरला २०० सुद्धा जड जातं.

खोलताना: एमसीबी बंद, टेस्टरने खात्री, इनलेटचा अँगल कॉक बंद, मग गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल आणि खालून पाणी उतरेल. फ्लँजचे (एलिमेंट ज्या झाकणावर बसवलेला असतो त्याचे) नट समोरासमोरचे आळीपाळीने सैल करा. गॅस्केट (त्या झाकणाखालची रबरी चकती) नवीनच घाला, जुनं पुन्हा बसवलं की हमखास गळतं. मॅग्नेशियमची रॉड (ॲनोड, टाकीऐवजी स्वतः झिजणारी) पेन्सिलीएवढी बारीक झाली असेल तर तीही बदला. टाकीच्या आतल्या काचेच्या थराला स्क्रू-ड्रायव्हर लावू नका, चरा पडला की तिथून गंज. सुटलेला चुना हाताने काढा, पाणी घालून हलवून ओता. परत जोडल्यावर गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्या, मगच बटण. कोरडा एलिमेंट काही सेकंदांत जातो.

सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र विसरू नका. चुन्याने तो अडकला तर वाढलेला दाब टाकीवर येतो. पाण्याखाली धरून वर-खाली हलवून बघा, सुटत नसेल तर नवा लावा.

सियागंज_किराणा
खपलीसाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराण्याच्या दुकानात सुटं मिळतं. हिशेब असा: १०० ग्रॅम खपलीला साधारण १४० ग्रॅम लागतं. एका लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम घालून भाग बुडवा, फसफस थांबली की पाणी बदला. उकळतं पाणी घेऊ नका. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि पांढरा गाळ पुन्हा तिथेच चिकटतो. संडास धुण्याचं ॲसिड तर नकोच, ते ॲनोड, तांबं आणि झिलई तिन्ही खातं.

मशीनमध्ये कपडे न घालता ड्रममध्ये १०० ग्रॅम, ६० अंशांची सायकल, तीन महिन्यांतून एकदा. त्या सायकलमध्ये ब्लीच अजिबात नाही, क्लोरीन वायू सुटतो. पाणी आत घेणाऱ्या पाइपच्या टोकाची जाळीही काढून धुवा, पाणी हळू येतं त्याचं निम्मं कारण तिथेच असतं. टॉवेल कडक होतात ते साबणाच्या वडीमुळेही. कॅल्शियमशी साबणाचा चिकट गाळ बनतो. डिटर्जंट पावडर त्या मानाने बरी.

डिशवॉशर असेल तर जडपणाचा आकडा १७.८ ने भागून मशीनवर सेट करा: ४०० म्हणजे साधारण २२ जर्मन डिग्री (डिशवॉशरवर असतं ते जडपणाचं माप). मीठ डिशवॉशरचंच घ्या, घरातलं नको. घरातल्या मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून जे घातलेलं असतं, त्याने मशीन तुंबतं.

राजेंद्रनगर_तिसरा_मजला
किटने मोजलं: नळाचं १२०, बोअरिंगचं ५२०. गीझर उघडला तर एलिमेंटवर बोटभर जाड पांढरी साल आणि खाली दोन वाट्या चुन्याचे तुकडे. एलिमेंट, गॅस्केट, ॲनोड बदलले. आता सॉफ्टनरचं काय?

रेझिन_आणि_मीठ
चुंबकाचा पट्टा सोडा. त्याने कॅल्शियम पाण्यातून जात नाही. बांधून महिन्याने तीच किट लावा, तोच आकडा येईल.

सॉफ्टनरमध्ये रेझिन (प्लास्टिकचे बारीक मणी) कॅल्शियम धरते आणि सोडियम सोडते. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरते, आणि मिठाने पुन्हा ताजी करायला लिटरला १२० ग्रॅम मीठ लागतं. २५ लिटर रेझिन घेतली तर १२५० ग्रॅम. निव्वळ बोअरिंगच्या ५२० ला ती २४०० लिटर पुरेल, अर्धं-अर्धं मिसळलेल्या ३२० ला ३९००. दर वेळी ३ किलो मीठ. तुमच्याकडे मिश्रण रोज बदलतं, म्हणून ठरलेल्या वेळी रेझिन मिठाने धुणारा, घड्याळाचा सॉफ्टनर नको, पाण्याच्या मीटरवर चालणारा घ्या. घड्याळाचा एक तर मीठ फुकट घालवेल, नाही तर मधेच जड पाणी सोडेल. बसवल्यावर टीडीएस कमी झाला नाही म्हणून फसवलं असं समजू नका, तो कमी होतच नाही. दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, म्हणून स्वयंपाकाचा नळ आणि झाडं या लाइनवर नकोत.

घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ फिल्टर असेल आणि त्याचं वाया जाणारं पाणी (रिजेक्ट) कमी करायला कुणी त्या पाइपमधला रिस्ट्रिक्टर चिमटला असेल तर पूर्ववत करा. निम्मं पाणी शुद्ध काढलं की मागे उरलेल्यात क्षार दुप्पट होतात, पाऊण काढलं की चौपट, आणि फिल्टरचा पडदा (मेम्ब्रेन) त्यातच बसतो.

पण तुमचे आकडे बघता सॉफ्टनरच्या आधी प्लंबर बोलवा, दादा. १२० चं पाणी दारात येतंय आणि तुम्ही ते ५२० मध्ये ओतताय. हौदात मधे भिंत घाला, नाही तर नळाच्या पाण्यासाठी वेगळी १००० लिटरची टाकी वर ठेवा आणि गीझर, मशीन, स्वयंपाकघर तिच्यावर जोडा. बोअरिंग फ्लश, फरशी आणि गाडी धुण्याला. दोन्ही लाइनींच्या मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारा) हवाच, नाहीतर पंप चालू झाला की बोअरिंग पुन्हा इकडे घुसेल. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवा, ७० वर खपली फार लवकर धरते.

राजेंद्रनगर_तिसरा_मजला
वेगळी टाकी जमेल, गच्चीवर जागा आहे. उन्हाळ्यात नळ दोन-तीन दिवस आला नाही तर?

रेझिन_आणि_मीठ
बोअरिंगचं पाणी नळाच्या लाइनीत घ्यायला एक बायपास बॉल व्हॉल्व्ह ठेवा, हाताने उघडायचा. तो उघडा असेल त्या दिवसांत मशीन थंड पाण्यावर चालवा आणि गीझर ५० वर आणा.