विषय: डिसेंबरची सांगली भेट, फॉर्मचा नववा रकाना

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आपली मुलं ऑस्ट्रेलियातून सांगलीला जाणार, तिथे त्यांची राहायची घरं ठरवणाऱ्या काकूंचा काल परत फोन आला. कोणतं मूल कुणाच्या घरी उतरवायचं ते त्यांना या आठवड्यात ठरवायचंय आणि आपले निम्मे फॉर्म नवव्या रकान्यावर अडलेत. "घरी बोलली जाणारी भाषा" इथे यादीतून एकच निवडता येते. कुणी शेजारी पेनाने दुसरी लिहिली, कुणी रकाना मोकळा सोडला, एकाने "मिक्स" लिहिलंय. मागच्या वेळी बसच्या यादीत झाला तसा घोळ नको. एकच भाषा निवडा आणि रविवार रात्रीपर्यंत पाठवा.

प्रेषक: विट्याचे भाऊ

सचिवसाहेब, आमचा फॉर्म मी मुद्दाम थांबवलाय. मुलीने स्वतःच्या हाताने "इंग्रजी" निवडलं. मी म्हटलं, अगं, घरात आपण मराठी बोलतो ना? तर म्हणाली, "तुम्ही बोलता. मी ऐकते." हे ती मराठीतच म्हणाली. आता या फॉर्मवर मी सही कशी करू?

माझं लहानपण कोइमतूरला गेलं हे जुन्यांना माहीत आहे. वडिलांचं गलाईचं दुकान. आमच्या खानापूर-आटपाडीची निम्मी माणसं सोनं गाळायला देशभर पांगलेली, तसेच आम्ही. शाळा तमिळ, गल्ली तमिळ. उंबऱ्याच्या आत तमिळ आणायची नाही असा आईचा दंडक होता. तरी मी आणि थोरला भाऊ भांडायचो ते तमिळमध्येच, आणि भांडण मिटवायला आई यायची ती मराठीत. मग आमच्या घराची भाषा कोणती धरायची? दोन्ही खऱ्या होत्या. एक निवडा म्हटलं असतं तर मला तेव्हाही जमलं नसतं.

प्रेषक: शाळेच्या ताई

भाऊ, तुमचं समजतं, पण सगळ्यांनी सरळ "मराठी" लिहावं असं माझं मत आहे. १० ऑगस्ट २०२१ च्या जनगणनेत इथे ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न होता. इंग्रजीशिवाय घरी कोणती भाषा वापरता? आणि उत्तर एकच. मराठीला तयार चौकट नव्हती, हाताने लिहावी लागली. आपल्यातल्या किती जणांनी, मुलं मित्रांशी हिंदी बोलतात म्हणून, हिंदी हे उत्तर दिलं ते मला माहीत आहे. पंजाबी लिहिणारे देशभरात २ लाख ३९ हजारांवर निघाले. मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात दुकानाच्या पाट्यांपासून वाचनालयापर्यंत त्यांची भाषा दिसते. आपण आपल्याच फॉर्मवर मराठी लिहायला कचरलो तर बाहेर कोण लिहिणार?

आणखी एक. कुणाला किती मराठी येतं हे रविवारची शाळा ठरवते. वर्गांच्या याद्या माझ्याकडे आहेत. समितीने परस्पर दुसरी यादी करू नये, ही विनंती.

प्रेषक: जतच्या वहिनी

ताई, आमच्या घरात मराठी लिहिलं तर ते खोटं होईल. माझं माहेर जतच्या पूर्व भागातलं. तिकडे घरात कन्नड, बाजारात मराठी आणि शाळा दोन्ही माध्यमांच्या. माझा मुलगा माझ्याशी नि माझ्या आईशी कन्नड बोलतो, वडिलांशी मराठी, बहिणीशी इंग्रजी, आणि समोरच्या सरदारजींच्या मुलाबरोबर बास्केटबॉल खेळताना पंजाबी. तुमच्या यादीत कन्नड नाहीच! सांगली जिल्ह्याच्या फॉर्मवर कन्नड नसावी याचं मला वाईट वाटलं, हे स्पष्ट सांगते.

प्रेषक: खजिनदार

भावे नाट्यमंदिर बघायचं आहे ना? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत "सीतास्वयंवर" केलं, ते मुलांना तिथेच उभं राहून सांगायचं असं मागच्या बैठकीत ठरलं होतं. मग त्याच दिवशी हरिपूरचा संगम कसा बसवणार? बसवाल्याला दिवसाचे पैसे द्यायचेत. हे आधी सांगा. भडंगाची एकत्र ऑर्डरही कुणी घेतलेली नाही.

प्रेषक: शाळेच्या ताई

वहिनी, कन्नड राहिली ही चूकच झाली. पण मुलगा मराठीही बोलतो ना? मग "मराठी" लिहायला हरकत काय?

प्रेषक: जतच्या वहिनी

हरकत एवढीच की तो झोपेतून उठतो तो कन्नडमध्ये.

प्रेषक: सांगलीच्या काकू (मुलाच्या मेलवरून)

सगळ्यांना आशीर्वाद. भाषेचं मीच विचारायला सांगितलं होतं, म्हणून लिहिते. मला मराठीचे मार्क नको आहेत. रात्री पोराचं पोट दुखलं तर ते कोणत्या भाषेत सांगेल आणि घरातल्या कुणाला कळेल, एवढंच मला हवंय.

२०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागात आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. माझी नात तेव्हा सहा वर्षांची, तुमच्या तिकडेच. रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारायची, "आजी, आता कितवी पायरी?" मी म्हणायची, अकरावी. पलीकडे बोटं मोजत बसायची, मग म्हणायची, "म्हणजे इलेव्हन?" पाणी उतरायला लागलं तेव्हा दहावी, नववी, आठवी असं करत उलटे आकडे तिला पाठ झाले. तेवढं मराठी त्या आठवड्यात मला पुरलं. तिचं घर इंग्रजीचं म्हणा की मराठीचं, मला फरक पडत नाही.

मिरजेला किल्ला भागात माझी मैत्रीण आहे, त्यांच्या घरी कन्नड बोलतात. जतच्या वहिनींचा मुलगा तिच्याकडे राहू दे.

प्रेषक: विट्याचे भाऊ

काकू, नमस्कार करतो. पायऱ्यांचं घरात वाचून दाखवलं. मुलीने फॉर्म परत मागून घेतला.

प्रेषक: सचिव

रकाना बदललाय. एका भाषेऐवजी आता चार ओळी आहेत: आईशी, बाबांशी, भावंडांशी, आजी-आजोबांशी. खाली पाचवी ओळ, "दुखलंखुपलं तर". यादी काढून टाकली, ज्याने त्याने हाताने लिहायचं, आणि मुलांनीच लिहायचं. ताई, हे फॉर्म फक्त काकूंकडे जातील, शाळेच्या याद्यांना कुणी हात लावत नाही. ज्यांनी आधी पाठवलेत त्यांनीही नवा भरा. मुदत बुधवारपर्यंत वाढवली.

खजिनदार, हरिपूर दुसऱ्या दिवशी सकाळी. भडंगाचं तुम्हीच बघा.

प्रेषक: सांगलीच्या काकू (मुलाच्या मेलवरून)

डिसेंबरात पहाटे नदीकाठी गारठा असतो. एकेक स्वेटर बॅगेत वरच ठेवा, तळाशी नको.