मदत हवी आहे: ड्रम स्मोकरचे तापमान आवरत नाही आणि कोंबडी कडू होते

पिंपवाला_गंगापूररोड
नमस्कार. दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपापासून घरच्या घरी स्मोकर (कोळशाच्या मंद आचेवर आणि धुरात मांस शिजवण्याचे साधन) तयार केला आहे. तापमान ११० ते १२५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे अशी अपेक्षा असताना ते तासाभरात १८० च्या पुढे जाते. ते आटोक्यात आणू पाहिले की पांढरा धूर कोंडतो, आणि गेल्या रविवारी कोंबडी इतकी कडू झाली की घरात कोणीही दुसरा घास घेतला नाही. येत्या रविवारी बारा पाहुणे जेवायला आहेत. इंटरनेटवरच्या चित्रफिती सगळ्या पाहून झाल्या आहेत, तेव्हा नेमके काय करायचे तेवढेच कृपया सांगावे.

अंबडचा_फॅब्रिकेटर
आपण ‘आटोक्यात आणू पाहिले’ असे लिहिले आहे, पण ते कशाने, हे लिहिलेले नाही. खाली हवेची छिद्रे किती आणि किती मापाची आहेत? झाकणावर धूर बाहेर जायला वाट किती आहे? राख काढण्यासाठी खाली दार कापले आहे का? पिंपात पूर्वी काय भरलेले होते? एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल.

रस्सा_आणि_भाकरी
कोंबडी आदल्या रात्री दह्यात, आले-लसणात आणि थोड्या काळ्या मसाल्यात मुरवून ठेवावी. आमच्याकडे असा कडवटपणा कधीच आला नाही.

अंबडचा_फॅब्रिकेटर
आपल्याकडे स्मोकर आहे का?

रस्सा_आणि_भाकरी
नाही, आम्ही चुलीवर करतो. पण कोंबडी कोंबडीच असते.

मखमलाबादकर
माझे प्रामाणिक मत असे आहे की पिंपाच्या भानगडीत न पडता विटांची भट्टी बांधावी. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो, वीट मात्र उष्णता धरून ठेवते. मी मळ्यात बांधली आहे आणि हुरड्याच्या दिवसांत तिच्यावर तीस माणसांचे होते.

पिंपवाला_गंगापूररोड
रविवारपर्यंत भट्टी बांधणे शक्य नाही, आणि हुरड्याचा येथे काही संबंधही नाही. तपशील देतो. खाली २५ मिलिमीटरची चार छिद्रे असून प्रत्येकाला बॉल व्हॉल्व्ह आहे. झाकणावर ५० मिलिमीटरचे एक धुराडे आहे आणि त्याला झडप आहे. राखेसाठी ३० बाय १५ सेंटिमीटरचे दार कापून बिजागरीवर बसवले आहे. खालचे चारही व्हॉल्व्ह बंद केले तरी तापमान चढतच राहते, म्हणून नाइलाजाने वरची झडप बंद करतो. मग तापमान उतरते, पण धूर कोंडतो. पिंप खाद्यतेलाचे होते.

अंबडचा_फॅब्रिकेटर
दार ही गोष्ट आपण पहिल्याच वेळी लिहायला हवी होती. दाराभोवती फट किती आहे?

पिंपवाला_गंगापूररोड
साधारण दोन मिलिमीटर. ती नगण्य आहे.

अंबडचा_फॅब्रिकेटर
ती नगण्य नाही, हिशोब करून पाहा. दाराची परिमिती ९०० मिलिमीटर आणि फट दोन मिलिमीटर, म्हणजे १,८०० चौरस मिलिमीटरची उघडी वाट झाली. आपल्या चारही छिद्रांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे १,९६० चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद केल्यावरसुद्धा निखाऱ्यांना जवळपास चार छिद्रांएवढी हवा मिळतच राहते, आणि तीही नेमकी त्यांच्या पायथ्याशी. खात्री करायची असल्यास पिंप पेटलेले असताना दाराच्या कडेने उदबत्ती फिरवावी. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे आपले पाचवे छिद्र आहे. माझा सल्ला असा की दार कायमचे वेल्ड करून टाकावे आणि राख वरून काढावी.

निवृत्त_बॉयलरवाला
वेल्डिंगची एवढी घाई कशाला? काचतंतूची दोरी दाराच्या कडेला बसवून बाहेरून खटका लावला तरी काम होते. फक्त दोरी ॲस्बेस्टॉसची नाही ना, हे दुकानातच विचारून घ्यावे. दाराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वरची झडप शिजवताना बंद करायचीच नाही. गरम वायू वरून बाहेर पडतो म्हणूनच खालून ताजी हवा ओढली जाते. वरची वाट अडवली की अर्धवट जळालेला धूर आत घुटमळतो, थंड पत्र्यावर आणि मांसावर डांबरासारखा बसतो, आणि आपण सांगता तो कडवटपणा तिथूनच येतो.

मखमलाबादकर
वरून बंद करा किंवा खालून, हवा शेवटी तेवढीच कमी होते. मग फरक कसला?

निवृत्त_बॉयलरवाला
आगीला फरक पडत नाही हे मान्य आहे, कोंबडीला पडतो. खालून हवा कमी केली तर आग मंदावते आणि झालेला धूर तरीही निघून जातो. बाहेर पडणारा धूर विरळ आणि निळसर दिसला पाहिजे. घट्ट पांढरा दिसत असेल तर मांस आत ठेवूच नये. प्रश्नकर्त्यांनी लाकूड कोणते वापरले?

पिंपवाला_गंगापूररोड
अंगणातला आंबा गेल्या महिन्यात छाटला होता, त्याच्याच फांद्या. कोळसा इस्त्रीवाल्याकडून पावसाळ्यात घेतलेला आहे.

निवृत्त_बॉयलरवाला
ओले लाकूड आणि दमट कोळसा! निम्मा धूर तिथलाच असणार. आंबा चांगलाच आहे, पण चिरून सहा महिने तरी वाळलेला हवा. कोळसा दोन दिवस उन्हात पसरावा आणि भुकटी चाळून काढावी, कारण भुकटीने जाळीतली वाट बुजते.

द्राक्षबाग_ओझर
आमच्याकडे छाटणीच्या वाळलेल्या काड्या ढिगाने पडलेल्या आहेत. द्राक्षाच्या लाकडाचा धूर सौम्य असतो. हव्या तेवढ्या घेऊन जाव्यात.

निवृत्त_बॉयलरवाला
आपला उदारपणा मोठा आहे, पण ज्या बागेवर वर्षभर बोर्डो मिश्रण आणि इतर औषधे फवारली जातात, तिच्या काड्यांचा धूर मी खाण्याला लावणार नाही. त्यापेक्षा फवारणी न झालेल्या पेरूचे वाळलेले लाकूड शोधावे.

द्राक्षबाग_ओझर
हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते.

अंबडचा_फॅब्रिकेटर
आता पेटवण्याबद्दल. आपण सगळा कोळसा एकदम पेटवत असाल, तर तो आवरणे कठीणच आहे. टोपलीत न पेटवलेला कोळसा भरावा, लाकडाचे दोन-तीन तुकडे त्यातच पुरावेत आणि वर दहा-बारा फुललेले निखारे ठेवावेत, म्हणजे आग हळूहळू खाली उतरते. तापमान ९५ च्या आसपास आले की तीन व्हॉल्व्ह बंद करावेत आणि चौथा अर्धा ठेवावा. १२५ होईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, कारण चढलेले पिंप लवकर उतरत नाही. प्रत्येक बदलानंतर पंधरा-वीस मिनिटे हात लावू नये. झाकण वारंवार उघडू नये. प्रत्येक वेळी हवेचा लोंढा आत जातो. तापमापक कुठे आहे?

पिंपवाला_गंगापूररोड
झाकणाच्या मध्यभागी.

अंबडचा_फॅब्रिकेटर
तो मांसाच्या जाळीजवळ आणावा. झाकण आणि जाळी यांत वीस-पंचवीस अंशांचाही फरक पडू शकतो. कोंबडीच्या मांडीत स्वतंत्र तापमापकाचा काटा खुपसून ७४ अंश झाल्याची खात्री करावी.

पिंपवाला_गंगापूररोड
शनिवारी रात्री मांस न ठेवता चाचणी घेतली. उदबत्तीचा धूर दाराच्या खालच्या कडेने अक्षरशः खेचला गेला. दोरी बसवली, धुराडे पूर्ण उघडे ठेवले आणि कोळसा वाळवून वापरला. एक व्हॉल्व्ह अर्धा उघडा असताना तापमान दोन तास ११६ ते १२२ राहिले. नंतर वारा सुटला आणि पंधरा मिनिटांत ते १३८ वर गेले. सकाळी सात वाजता पेटवायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

निवृत्त_बॉयलरवाला
उघडा व्हॉल्व्ह वाऱ्याच्या तोंडावर आला असेल. तो बंद करून पलीकडचा उघडावा, आणि वाऱ्याच्या बाजूला चार हातांवर पत्रा आडवा उभा करावा. पिंप मात्र पडवीत नेऊ नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

रस्सा_आणि_भाकरी
आणि कोंबडी आज रात्रीच दह्यात घालून ठेवावी.

पिंपवाला_गंगापूररोड
घातली आहे.