बार्नमच्या शंभर वर्षं आधी

सर्कशीचा जनक म्हणून पुष्कळदा अमेरिकन सर्कसवाल्या पी. टी. बार्नमचं नाव घेतलं जातं, पण तो मान फिलिप ॲस्टलीचा. बार्नम या धंद्यात उतरला १८७० नंतर. ॲस्टलीने लंडनच्या लॅम्बेथ भागात खेळ सुरू केले ते १७६८ मध्ये! ब्रिटिश घोडदळातून सार्जंट मेजर होऊन बाहेर पडलेला हा धिप्पाड गडी सकाळी घोडेस्वारी शिकवायचा आणि दुपारी कसरती दाखवायचा.

खरी करामत रिंगणाची. घोडा एका लयीत गोल धावत असला की पाठीवर उभा राहिलेला स्वार किंचित आत झुकतो आणि त्याला तोल सांभाळणं सोपं जातं. शिवाय घोडा सतत प्रेक्षकांच्या नजरेसमोर राहतो. ४२ फूट व्यासाचं ते रिंगण आजही जगभर प्रमाण मानलं जातं. मग खेळांच्या मधल्या वेळेत विदूषक, दोरीवर चालणारे, कोलांट्या मारणारे आले. वाघ-सिंह फार उशिरा आले, त्यामुळे 'प्राणी गेले, सर्कस संपली' हे मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडे १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रेही मुळात अश्वविद्येतलेच जाणकार होते, हेही इथे नोंदवायला हवं.