११ आठवडे झाले, अजून "कळवतो"च! सुरक्षेच्या रिमोट नोकरीला एवढा वेळ लागायलाच हवा का?

उंबरठा
एका रिमोट सायबर सुरक्षेच्या जागेसाठी अर्ज केला, त्याला आज ११ आठवडे झाले. पहिला फोन चौथ्याच दिवशी आला, त्यामुळे मी उगाच हुरळलो. मग तांत्रिक राउंड. मग घरी करायची असाइनमेंट: एका मशीनचे लॉग, म्हणजे त्यावर काय काय घडलं त्याच्या नोंदी, दिल्या होत्या; घुसखोर कुठून शिरला, पुढे कुठे सरकला ते शोधून अहवाल लिहायचा. "तीन-चार तासांचं काम आहे" म्हणाले, माझे शनिवार-रविवार दोन्ही गेले. (खोटं कशाला बोलू, मजा आली. बेस६४ या एन्कोडिंगमध्ये गुंडाळलेली, विंडोजच्या पॉवरशेलची एक कमांड उलगडली तेव्हा खुर्चीतून उठलोच.) त्यानंतर १९ दिवस शुकशुकाट. मग मॅनेजर, मग "टीमशी ओळख", मग एका संचालकांबरोबर २० मिनिटं. त्यांनी पहिल्याच राउंडचे प्रश्न पुन्हा विचारले, माझा अहवाल उघडलेलाही नव्हता. आता तीन आठवडे झाले, "या आठवड्यात कळवतो" चालू आहे.

"सुरक्षेचं काम आहे, पारखून घ्यावं लागतं" असं यावर सगळे सांगतात. पण ११ आठवड्यांत कोणी माझं ओळखपत्र मागितलं नाही की जुन्या कंपनीत फोन केला नाही. पारखलं काय मग? माणसाला ताटकळत ठेवणं म्हणजे पडताळणी नव्हे, असं माझं मत. तुमचं?

जुना_पहारेकरी
असहमत. मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून लिहितो.

जुलै २०२४ मध्ये नोबिफोर (KnowBe4) या कंपनीने स्वतःच जाहीर केलं, की त्यांनी रिमोट नेमलेला इंजिनिअर उत्तर कोरियाचा तोतया निघाला. ही कंपनी लोकांना फसवणूक ओळखायला शिकवते, हे लक्षात घ्या. चार व्हिडिओ मुलाखती झाल्या होत्या, पार्श्वभूमीची तपासणी झाली होती. ओळख चोरलेली, फोटो एआयने बदललेला. लॅपटॉप हातात पडताच त्यावर मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) चढवायला सुरुवात! पुढे जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका बाईंना १०२ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या घरी अशा तोतयांसाठी कंपन्यांचे लॅपटॉप चालू ठेवलेले असत, म्हणजे काम अमेरिकेतूनच चाललंय असं वाटावं. फसलेल्या कंपन्या ३०० हून जास्त.

हे वाचल्यावर ज्याला कधी प्रत्यक्ष भेटणार नाही, अशा माणसाच्या हाती सगळ्या कंपनीचे लॉग द्यायला माझा हात कचरतो. विक्री खात्यात चुकीचा माणूस आला तर धंदा बुडेल. आमच्याकडे आला तर चोरी झाली होती हेसुद्धा कळणार नाही. तुमचे ११ आठवडे गेले, मला वाईट वाटतं. पण घाई करा म्हणू नका.

उंबरठा
पहारेकरी, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतंय. चार मुलाखतींना तो सापडला नाही. कागद खऱ्या माणसाचे होते, म्हणून तपासणीतूनही सुटला. सापडला कधी, तर लॅपटॉपवरच्या देखरेखीने इशारा दिला तेव्हा. चाराच्या जागी आठ मुलाखती घेतल्या असत्या तर काय फरक पडला असता?

आणि वाट पाहायला कोणाला परवडतं ते बघा. तोतयामागे अख्खी टोळी असते, तो दहा ठिकाणी गळ टाकून बसतो. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे तो सहाव्या आठवड्यात दुसरी नोकरी धरतो. तुमच्या संथ चाळणीतून खाली पडतो तो प्रामाणिक माणूस.

रात्रपाळी
शेवटचं वाक्य +१.
आमच्या एसओसीत (हल्ल्यांच्या इशाऱ्यांवर नजर ठेवणारी टीम) एक जागा पाच महिने रिकामी आहे. तिघांचे अलर्ट आम्ही दोघं बघतो. रात्री तीन वाजता चाळीसावा फिशिंगचा अलर्ट मी कसा बंद करते ते विचारू नका. भरतीत जोखीम नको म्हणून जागा रिकामी ठेवतात, आणि ती जोखीम कुणाच्याच हिशेबात धरत नाहीत.

पोर्ट_बंद
दोघेही सुरक्षा सुरक्षा करत बसलात. उशीर बहुतेक वेळा पैशापाशी अडतो. जाहिरात निघते तेव्हा जागेला तोंडी होकार असतो, लेखी मंजुरी नंतर. मधे तिमाही संपली की घोंगडं भिजत पडतं. उमेदवार दुसऱ्या देशात असला तर पगार कोणाच्या नावे काढायचा, कर कुठे भरायचा, लॅपटॉप कस्टम्समधून कसा न्यायचा, यावर कायदा विभाग आणि वित्त विभाग एकमेकांकडे चेंडू टोलवतात. एचआरची ती मुलगी "कळवते" म्हणते, कारण तिलाही काही कळवलेलं नसतं.

राहिला पडताळणीचा मुद्दा. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत, परिशिष्ट अ मधलं ६.१ हे नियंत्रण त्यासाठीच आहे. रुजू होण्याआधी पार्श्वभूमी तपासा, ती जोखमीच्या प्रमाणात असू द्या, आणि पुढेही तपासत राहा. शेवटचा भाग किती जण पाळतात? उंबऱ्यावर तीन महिने झडती, आत गेल्यावर रान मोकळं.

जाता जाता, "या क्षेत्रात माणसंच मिळत नाहीत" म्हणून आयएससी२ या सायबर सुरक्षा व्यावसायिकांच्या संस्थेचा २०२४ चा, जगभरासाठीचा ४८ लाखांचा आकडा तोंडावर फेकला जातो. तो रिकाम्या जागांचा आकडा नाही. किती माणसं लागतील आणि किती आहेत, यातलं ते अंदाजे अंतर आहे. त्या भरवशावर हातची नोकरी सोडू नये.

जुना_पहारेकरी
उंबरठा, मुलाखती वाढवून तोतया सापडत नाही, हे मान्य. पण त्याला तुमचं उत्तर "लवकर घ्या" हे असेल तर ते पटत नाही. कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र, लॅपटॉप त्याच पत्त्यावर, संदर्भ देणाऱ्यांना आम्ही स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन, एवढं नीट करायचं तर दोन-तीन आठवडे जातातच. ते मी सोडणार नाही.

आता एक कडू गोष्ट. तुम्हाला "नाही" असं कोणी सांगितलेलं नाही. बहुधा तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात. पहिला नोटीस पिरियडवर असेल, तो खरोखर येईपर्यंत तुम्हाला सोडत नाहीत. आम्हीही हे केलंय. अभिमानाने सांगत नाही.

उंबरठा
दोन-तीन आठवड्यांना माझी कुठे ना आहे? पण दुसऱ्या क्रमांकाचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "पहिल्याने नकार दिला तर तुम्ही" असं स्पष्ट सांगितलं असतं तरी मी थांबलो असतो, कदाचित आनंदाने. आता मेल लिहिलाय, की शुक्रवारपर्यंत निर्णय कळवा, नाहीतर माझा अर्ज मागे घेतला असं समजा. पाठवू का?

जुना_पहारेकरी
नको. तारीख घातलीत की तिकडे हायसं वाटेल, नकार देण्याची जबाबदारी तुम्हीच उचललीत म्हणून. "मी कितव्या क्रमांकावर आहे" एवढंच विचारा.

रात्रपाळी
पाठवा हो. मी मागच्या वर्षी हेच साडेचार महिने विचारत बसले होते.