टॅब घेतला तेव्हाच निम्मा जुना होता

मनीषा (बी ४०२):
सेक्रेटरी साहेब, सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याच्या टँकरचा विषय संपला असेल तर एक बोलू का? आमच्या घरातलं आहे पण मला वाटतं बऱ्याच घरांत हेच चाललंय. माझ्या मुलीच्या टॅबवर परवापासून क्लासचं ॲप उघडेना. हात लावला की एकच ओळ येते, हे ॲप तुमच्या टॅबवर चालणार नाही. क्लासला फोन केला तर म्हणे मॅडम तुमच्या टॅबचं मूळ सॉफ्टवेअर अँड्रॉइड १० आहे, आता ११ च्या पुढचं लागतं, नवा घेऊन टाका. घेऊन टाका म्हणजे काय कोथिंबिरीची जुडी आहे का! २०२० ला शाळा ऑनलाइन झाली तेव्हा पहिला घेतला, तो दोन वर्षांत बॅटरीने गेला. २०२२ च्या दिवाळीत दुसरा घेतला, साडेतेरा हजाराचा, माझ्या भिशीचे पैसे होते ते. आणि आता पाच वर्षांत तिसरा. काचेवर एक ओरखडा नाही हो, पोर रोज रात्री कव्हर घालून कपाटात ठेवते.

सेक्रेटरी (ए १०१):
बोला बोला. टँकर ४ वाजता येतोय.

शिंदे (सी ३०३):
आमच्याकडे पेनाचं झालंय. मुलगा आर्किटेक्चरला आहे, जुना टॅब स्लो झाला म्हणून त्याच कंपनीचा नवा घेतला, म्हटलं पेन तरी वाचेल. नाही चालत! पेन तेच दिसतं, तेवढंच लांब, पण नव्या टॅबला जोडलंच जात नाही, दुकानदार म्हणतो सर या मॉडेलला नवं पेन वेगळं येतं. कव्हर पण बसत नाही कारण कॅमेऱ्याची जागा बोटभर सरकवलीय. म्हणजे टॅबचा खर्च वेगळा आणि त्याच्या वऱ्हाडाचा वेगळा.

साठे (ए २०३):
मनीषाताई तुमचा राग अगदी बरोबर आहे. मी ३४ वर्षं वीज मंडळात काढली, यंत्र म्हातारं होतं हे मला माहितीय, पण यंत्र ठणठणीत असताना त्याला मेलं म्हणून सांगणं हे मी या टॅबमध्येच पाहिलं. आमच्या हॉलमधला पंखा १९८८ चा आहे, दोनदा कपॅसिटर बदलला, तोही शेजारच्या इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत. आणि मुलांच्या पुस्तकांचं म्हणाल तर आम्ही अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत जुनी घ्यायचो, वर्ष संपलं की परत तिथेच विकायचो, थोरल्याची पुस्तकं धाकट्याला, धाकट्याची चुलत भावाला. टॅब थोरल्याकडून धाकट्याकडे जातच नाही, मधेच मरतो.

रोहन (बी ६०१):
मला थोडं वेगळं वाटतं. टेक्नॉलॉजी पुढे जाणारच ना. नवीन मॉडेल आलं म्हणून आपण घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती कुणी केलीय? मी दर दोन वर्षांनी बदलतो कारण मला कामाला फास्ट लागतो, जुना विकून टाकतो. कंपन्यांनी नवीन काढायचंच नाही का?

मनीषा (बी ४०२):
रोहन, मला नवीन नकोच आहे! तोच तर मुद्दा आहे. मला जुनाच वापरायचाय आणि मला तो वापरू देत नाहीयेत. तुम्ही हौसेने बदलता, चांगलं आहे, ज्याला परवडतं त्याने बदलावं. माझ्यावर बदलायची वेळ आणलीय.

रोहन (बी ६०१):
हं. हे मान्य.

कदम सर (सी ५०४):
हे काही आजचं नाही. २०१२ आठवा. ॲपलने मार्चमध्ये तिसरा आयपॅड बाजारात आणला, लोकांनी रांगा लावून घेतला, आणि २३ ऑक्टोबरला चौथा जाहीर केला. सात महिने! वर चार्जिंगची पिन पण बदलली, आधीची ती रुंद ३० पिनची होती ती गेली आणि छोटी लायटनिंग आली, म्हणजे घरातले स्पीकर, गाडीतले चार्जर, सगळ्याला ॲडॅप्टर. २०१० चा पहिला आयपॅड तर २०१२ च्याच आयओएस ६ मधून, म्हणजे आयपॅडच्या नव्या सॉफ्टवेअरमधून, वगळला, अडीच वर्षांत. तेव्हा जगभर लोक चिडले होते. आता हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी चिडत पण नाही.

शेख मॅडम (बी १०४):
आणि आपल्या सरकारचा आकाश टॅब्लेट आठवतोय का कुणाला? ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत कपिल सिब्बल यांनी आणला, कॉलेजच्या मुलांसाठी स्वस्तातला म्हणून, केवढं कौतुक झालं होतं. पण ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोटाने जोरात दाबावी लागेल अशी स्क्रीन. तेरा महिन्यांत, नोव्हेंबर २०१२ ला आकाश २ आणला, म्हणजे पहिल्याचा विषयच संपला. मी पालिकेच्या शाळेत शिकवते, आमच्याकडे देणगीत आलेले १२ टॅब आहेत. लोक मनापासून देतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण देतात तेव्हाच ते शेवटच्या घटका मोजत असतात. १२ पैकी आज ४ वर धडे उघडतात. बाकीचे चालू होतात, चार्ज होतात, घड्याळ दाखवतात, कॅल्क्युलेटर चालतो, आणि धडा उघडला की गोल गोल फिरत राहतं. मुलं विचारतात मॅडम हा बिघडलाय का. काय सांगू त्यांना, बिघडलेला नाहीये.

मनीषा (बी ४०२):
ओंकार, तू यातलाच ना रे? जरा समजावून सांग मला, हे मुद्दाम करतात का?

ओंकार (सी १०२):
ताई मीटिंगमध्ये होतो, आता लिहितो, जरा मोठं होईल.

मुद्दाम एका माणसाने बसून केलंय असं नाही, पण साखळीतला प्रत्येक जण थोडा थोडा हात काढून घेतो. टॅबमधली चिप एका कंपनीची असते, टॅब दुसरीचा, अँड्रॉइड गूगलचं, ॲप क्लासचं. नवं अँड्रॉइड टाकायचं तर चिपवाल्याने त्या चिपसाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, द्यायला लागतं. त्याने जुन्या चिपचं काम बंद केलं की टॅबवाला म्हणतो आता एकट्याने करणं महाग पडतं, आणि स्वस्तातल्या टॅबला तर कित्येकदा एकही मोठं अपडेट येत नाही, ज्या अँड्रॉइडवर विकला त्यावरच संपतो. मग ॲपवाला म्हणतो जुन्या अँड्रॉइडवर टेस्टिंग करायला माणसं लागतात, तेवढे थोडे युजर सोडून देऊ. तुमच्याकडे ती जी ओळ येते ना ती या सगळ्यांनी मिळून लिहिलेली आहे.

आता खरी गोम. कंपनी तीन वर्षं किंवा चार वर्षं अपडेट देऊ म्हणते तेव्हा ती वर्षं बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही पैसे दिल्यापासून नाही. तुमचं मॉडेल कधीचं आहे? सेटिंगमध्ये मॉडेल नंबर असेल तो टाका.

मनीषा (बी ४०२):
टाकते थांब.

मनीषा (बी ४०२):
खोक्यावर पण आहे, खोकं ठेवलंय मी. (फोटो पाठवते)

ओंकार (सी १०२):
ताई हे मॉडेल २०२० च्या सुरुवातीचं आहे. तुम्ही २०२२ च्या दिवाळीत घेतलं तेव्हाच पावणेतीन वर्षं होऊन गेली होती. सेलमध्ये जे मोठं डिस्काउंट असतं ना ते बऱ्याचदा यासाठीच असतं, गोडाऊन रिकामं करायचं असतं.

मनीषा (बी ४०२):
म्हणजे मी घेतला तेव्हाच निम्मा जुना होता.
हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही. मी विचारलं होतं रे, आठवतंय मला, किती वर्षं जाईल, तर म्हणाला ताई बिनधास्त घ्या, पाच वर्षं बघायला नको.

साठे (ए २०३):
पावाच्या पाकिटावर तारीख असते. खोकल्याच्या औषधावर असते. वीस रुपयाच्या दुधाच्या पिशवीवर असते. साडेतेरा हजाराच्या खोक्यावर का नको? अमुक तारखेपर्यंत अपडेट मिळेल, ठळक अक्षरात, एवढी एक ओळ.

अश्विनी (ए ४०१):
काका युरोपात झालंय हे. माझी नणंद स्टुटगार्टला असते तिने सांगितलं होतं म्हणून मी तेव्हाच वाचलं. २० जून २०२५ पासून तिथे फोन आणि टॅबला नियम लागू झालाय, मॉडेलचा शेवटचा पीस विकला गेल्यापासून पुढे किमान ५ वर्षं अपडेट द्यायची. शेवटचा पीस!! लाँचपासून नाही. सुटे भाग ७ वर्षं ठेवायचे, बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावर पण ८० टक्के राहिली पाहिजे, आणि खोक्यासोबत लेबल, आपल्या फ्रीजवर स्टार असतात तसं, त्यात दुरुस्तीला सोपा की अवघड याची पण श्रेणी.

ओंकार (सी १०२):
हो बरोबर. मोजायला कुठून सुरुवात करायची हाच सगळा फरक आहे. आणि टॅब तोच विकतात हं, तिथेही आणि इथेही.

शिंदे (सी ३०३):
मग आपल्याकडे काय आहे? की फक्त रडायचं

अश्विनी (ए ४०१):
आपल्याकडे ग्राहक खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय, त्यात कंपन्यांची सर्व्हिस सेंटर, सुटे भाग, वॉरंटी अशी माहिती एका जागी आहे. पण ती माहिती झाली, सक्ती नाही, इतकी वर्षं द्यायचंच असा युरोपसारखा कायदा आपल्याकडे नाही. तक्रारीसाठी १९१५ हेल्पलाइन आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील पण लागतोच असं नाही, फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जायला लागतं. मनीषाताई तुमच्याकडे बिल आहे का?

मनीषा (बी ४०२):
बिल आहे. पाच वर्षं जाईल म्हणाला ते कुठे लिहून दिलंय. पण मी १९१५ ला फोन करणार आहे, काही होवो न होवो. नोंद तरी होईल की एका बाईने विचारलं होतं.

शेख मॅडम (बी १०४):
मी पण करते. शाळेच्या १२ टॅबचं सांगते.

कदम सर (सी ५०४):
मनीषाताई तोपर्यंत लेकीच्या अभ्यासाचं काय? सहामाहीनंतरचा पोर्शन मोठा असतो.

मनीषा (बी ४०२):
माझ्या फोनवर बसते सध्या. मी कामावरून साडेसातला येते मग तिला मिळतो. साडेसात ते दहा. काल लेक्चर बघता बघता झोपली.

ओंकार (सी १०२):
ताई बऱ्याच क्लासचं ॲप बंद पडलं तरी वेबसाइट ब्राउझरमध्ये चालते, तिच्याच लॉगिनने. क्रोम अपडेट करून बघा. व्हिडिओ थोडा अडकेल, क्वालिटी ४८० ला ठेवा. रात्री येऊन करून देतो. मात्र त्या टॅबवर बँकेचं किंवा यूपीआयचं काही ठेवू नका, सिक्युरिटी अपडेट बंद झालेत ना. फक्त अभ्यास.

मनीषा (बी ४०२):
ये रे बाबा. जेवायलाच ये.

रोहन (बी ६०१):
ताई माझा आधीचा टॅब अजून विकला नाहीये, कपाटात पडून आहे. २०२३ चं मॉडेल आहे, अपडेट २०२७ पर्यंत आहेत, आत्ताच चेक केलं. परीक्षेपर्यंत तिला वापरू दे. पैशाचं बोलू नका.

मनीषा (बी ४०२):
रोहन काय बोलू. थँक्यू. ब्राउझरवर नाही चाललं तर नक्की घेते.

जोशी काकू (ए ५०२):
मी सगळं वाचतेय, टायपिंगला वेळ लागतो. ओंकार बाळा आमच्या टॅबचं पण बघशील का? नातू अमेरिकेला आहे त्याच्याशी व्हिडिओवर बोलायला घेतलेला. चार वर्षं झाली. सर्व्हिस सेंटरला गेले तर म्हणाले या मॉडेलची बॅटरी येणं बंद झालं, नवीन घ्या. मग तापकीर गल्लीत नेला, तो मुलगा भला होता, म्हणाला काकू काच चिकटवलेली आहे, गरम करून काढताना तडकली तर माझ्यावर येईल. म्हणून तसाच वापरते. हल्ली एका बाजूने काच वर उचलल्यासारखी दिसते, आतला पांढरा उजेड बाहेर येतो. मी दोन रबर बँड लावून ठेवलेत, तेवढ्यावर भागतं.

ओंकार (सी १०२):
काकू टॅब आत्ता कुठे आहे?

जोशी काकू (ए ५०२):
चार्जिंगला. दुपारी १२ ला नातवाचा फोन असतो ना, त्याच्या झोपायच्या आधी.

ओंकार (सी १०२):
काकू आधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि पिन काढा. लगेच. बॅटरी फुगलीय, म्हणून काच उचलली. रबर बँडने दाबायचं नाही, दाबलं की आतून फाटून पेट घेऊ शकते.

ओंकार (सी १०२):
काकू?

साठे (ए २०३):
मी वर जातोय, लिफ्टपाशी आहे.

जोशी काकू (ए ५०२):
काढली पिन. हाताला गरम लागतंय.

ओंकार (सी १०२):
गादीवर, सोफ्यावर ठेवू नका. बाल्कनीत फरशीवर ठेवा, उन्हात नको, जवळ कपडे वाळत असतील तर बाजूला करा. परत चालू करायचा नाही. मी हाफ डे टाकून निघतोय, वाळूची बादली मीटर रूममध्ये असते ती वॉचमन दादांना वर आणायला सांगा कुणीतरी.

सेक्रेटरी (ए १०१):
सांगितलं. घेऊन निघालाय. ओंकार, घराघरांतले असे जुने टॅब, फोन रविवारी क्लबहाऊसमध्ये मागवू का, तू एकेक बघशील? जे गेलेत ते कचऱ्याच्या गाडीत नको, ई-कचरावाल्यांना बोलावतो.

ओंकार (सी १०२):
हो काका. फुगलेला असेल तो कुणी स्वतः आणू नका, मला घरी बोलवा.

साठे (ए २०३):
पोचलो. बाल्कनीत ठेवलाय, रबर बँड मी अलगद काढले. काकू ठीक आहेत, जरा घाबरल्यात.

जोशी काकू (ए ५०२):
१२ ला नातवाचा फोन येईल, मी दिसले नाही तर तो काळजी करतो.

मनीषा (बी ४०२):
काकू आज घरीच आहे मी, माझा फोन घेऊन येतेय वर.