जुने अल्बम सलग ऐकावेत की त्यांतली निवडक गाणी पुरेशी आहेत?

गिरगावकर:
चर्नी रोड ते बोरिवली या रोजच्या प्रवासात १९७० च्या दशकातले गाजलेले अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकायचे मी ठरवले आहे. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटेच मावत असत. तेव्हा गाण्यांच्या क्रमाला खरोखर काही अर्थ होता, की ती केवळ जागेची सोय होती? सुरुवात कोणत्या अल्बमने करावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

दादरचा श्रोता:
सुरुवात ‘शिवकल्याण राजा’ने करा. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त १९७४ मध्ये आलेल्या या ध्वनिमुद्रिकेत समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर आणि कुसुमाग्रज अशा निरनिराळ्या शतकांतल्या कवींची रचना हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केली आणि लताबाईंनी गायली. पण भूषणाच्या ब्रज भाषेतल्या छंदापासून ‘वेडात मराठे वीर दौडले सात’पर्यंतचा हा पल्ला श्रोत्याला तुटक वाटत नाही, याचे मोठे श्रेय बाबासाहेब पुरंदरे यांच्या निवेदनाला आहे. आज आपण यातले एखादेच गाणे यादीत घालतो, तेव्हा निवेदन गळून पडते आणि ते गाणे कोणत्या प्रसंगाच्या पाठोपाठ येते हेच कळेनासे होते. माझ्या मते हे नुकसान फार मोठे आहे.

ठाणे पूर्व:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र हा नियम सरसकट लावू नये. हिंदी चित्रपटांच्या बहुतेक तबकड्या म्हणजे त्या चित्रपटातल्या गाण्यांचा संग्रह असे, शिवाय पडद्यावर असलेले एखादे कडवे तबकडीवर गाळलेलेही आढळते. तेथे क्रमाचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

माहीमकर:
जागेच्या मर्यादेतूनच रचना कशी घडते, हे पाहायचे असेल तर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ऐका. पहिली बाजू शब्दांविना गायलेल्या स्त्रीस्वरावर विसावते. तबकडी उलटून दुसरी बाजू लावली की नाणी आणि गल्ल्याच्या आवाजांनी ‘मनी’ सुरू होते. मधली ती शांतता आता प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवेवर जवळजवळ उरत नाही, म्हणून तेथे आपणहून थोडे थांबावे असे मी सुचवीन. बाकी गाणी एकमेकांत मिसळत जातात, त्यामुळे ॲपमधले शफल, म्हणजे गाण्यांचा क्रम उलटसुलट करण्याची सोय, बंद ठेवा आणि दोन गाण्यांमध्ये खंड पडणार नाही अशी सेटिंग निवडा. शक्य असल्यास हा अल्बम गाडीत न ऐकता घरी ऐका, कारण आरंभी आणि अखेरीस येणारे हृदयाचे ठोके इतके हळू आहेत की ते लोकलच्या खडखडाटात ऐकूच येणार नाहीत.

गिरगावकर:
आपणा सर्वांचा आभारी आहे. ‘शिवकल्याण राजा’ निवेदनासह प्रवासात ऐकेन. दुसरा अल्बम रविवारी घरी लावेन. निवेदन न कापलेली प्रत कोठे उपलब्ध आहे, हे कोणी सांगू शकेल का?